सबंध पैसा की भोकाचा पैसा?

किंमत दोन्हींची एकच, रुपयाचा चौसष्टावा भाग. पण तळहातावर ठेवा, फरक लगेच कळतो. दुसऱ्या महायुद्धाआधीचा पैसा साडेचार ग्रॅमांहून जड, त्यावर ब्रिटिश राजा जॉर्जचा मुखडा. 1943 साली आलेला भोकाचा पैसा जेमतेम दोन ग्रॅमांचा; मधोमध भोक, वर नुसता मुकुट. बिचाऱ्या जॉर्जला जागाच उरली नाही!

धातूची चणचण होती आणि लोक चिल्लर दडवून ठेवत होते. सुट्ट्या पैशांची इतकी बोंब, की काही संस्थानांनी चक्क पुठ्ठ्याची नाणी काढली. रुपयाची गतही वेगळी नव्हती: 1940 मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली, जोडीला एक रुपयाची कागदी नोटही आली.

रोजच्या वापराला मला भोकाचा पैसाच सरस वाटतो. सुतळीत ओवला की हरवायची धास्ती नाही, आणि अडल्यावेळी बोल्टाखाली वॉशर म्हणूनही खपायचा. जुना पैसा ओट्यावर टाकला की मात्र कसा खणकन वाजतो. भोकाचा? टिक, बस्स.