हलक्या दोन आसनी गाडीला पंधराऐवजी तेरा इंची चाके: बीड बायपासवरील एका टायर दुकानाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवर टायरची दुकाने पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी अलॉय (मिश्रधातूच्या रिम) बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘किती इंची टाकायचे?’ हाच विचारला जातो. ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथील वस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाला हात लावला आणि विचारले, “भाऊ, एवढ्या हलक्या गाडीला एवढं जड चाक कशाला लावायलात? वजन किती हाय गाडीचं?” पुढचे सगळे काम या प्रश्नावरून ठरले, आणि हे दुकान मला चांगले का वाटते याचे खरे कारणही तोच प्रश्न आहे.

गाडी सुट्या भागांच्या संचातून जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही गाडी आणली आणि १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. त्याच घडणीची ही देशी आवृत्ती. चौकोनी नळ्यांची चौकट, वर फायबरग्लासचे आवरण, पुढे १.३ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना ओढ आणि पॉवर स्टीअरिंग अजिबात नाही. आधीच्या मालकाने हौसेने १५ इंची, ७ इंच रुंद अलॉय आणि १९५/५० आर१५ टायर चढवले होते. दिसायला ते रुबाबदार होते, पण शेंद्र्याला एका कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, गाडी चालवताना सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर ती जागच्या जागी उडत असे आणि वळणात मध्येच एखादा खळगा आला की मागचे चाक जमीन सोडत असे.

वजनाचे उत्तर अंदाजाने देऊन भागणार नाही असे वस्तादांनी सांगितल्यामुळे गाडी ट्रेलरवरून एका जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. एकदा फक्त पुढची चाके, एकदा फक्त मागची आणि एकदा पूर्ण गाडी, असे तीनदा काट्यावर घेतल्यावर पेट्रोलसह साधारण ६१० किलो भरले. त्यांतील थोडा अधिक भार मागे होता. म्हणजे चालक बसल्यावरही एका चाकावर पावणेदोनशे किलोच्या आसपासच भार येतो. टायरच्या बाजूवर ८२ हा भारांक छापलेला असेल, तर तो एकटा टायर ४७५ किलो पेलू शकतो. एवढा फरक असताना मोठ्या गाडीच्या सवयीने ३० पौंड हवा भरली, तर टायरचा मधला पट्टा तेवढा जमिनीला टेकतो आणि बाजूची भिंत दगडासारखी ताठ राहते. पेट्रोल पंपावर हवा भरणारी मुले बहुतेक चारचाकींना एकाच मापाने हवा भरतात. या प्रकारच्या गाडीला ते माप लागू पडत नाही.

आता मापांकडे येतो, कारण या बदलातील सर्वांत समाधानाची गोष्ट तेथेच आहे. टायरच्या मापात पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत भिंतीच्या उंचीचा आणि शेवटचा रिमच्या इंचांचा असतो. १९५/५० आर१५ या टायरची भिंत १९५ मिलिमीटरच्या निम्मी, म्हणजे साडेसत्त्याण्णव मिलिमीटर उंच असते. तिची दुप्पट आणि १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळून बाहेरचा व्यास ५७६ होतो. १७५/७० आर१३ ची भिंत १७५ च्या सत्तर टक्के, म्हणजे १२२.५ भरते, तिची दुप्पट आणि १३ इंचांचे ३३०.२ मिळून व्यास ५७५.२ येतो. दोन इंच लहान रिम लावूनही चाकाच्या बाहेरच्या व्यासात एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. त्यामुळे स्पीडोमीटर खोटे बोलत नाही, गिअरचे प्रमाण बदलत नाही, गाडीची जमिनीपासूनची उंची तीच राहते आणि चाकालगतचे सुटे मडगार्डही हलवावे लागत नाहीत. वस्तादांनी हा हिशेब दुकानाच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवला. कागदावर सही घेण्याआधी गिऱ्हाइकाला गणित समजावणारे दुकान मी या शहरात तरी दुसरे पाहिलेले नाही.

रिमचा व्यास कमी झाला की वजन घटते, हे सगळे ऐकून असतात. येथे ते प्रत्यक्ष तोलून दाखवले गेले. टायरसह जुने चाक तराजूवर ठेवले तेव्हा काटा साडेसोळा किलोच्या पुढे गेला, आणि साडेपाच इंच रुंदीच्या १३ इंची अलॉयवर नवा टायर चढवून तोलल्यावर तो १२ किलोच्या आत थांबला. दीड टनाच्या एसयूव्हीला चाकामागे साडेचार किलोंचा हा फरक फारसा जाणवणार नाही. आमच्या गाडीत मात्र स्प्रिंगच्या वर असलेले वजनच इतके थोडे आहे, की स्प्रिंगखालचे चाक जड झाले तर ते चाकच गाडीला नाचवते आणि शॉकअब्सॉर्बरला ते आवरता येत नाही. शिवाय चाक पुढे सरकते तसे फिरतेही, म्हणून त्याच्या कडेवरचा एक किलो वेग घेताना आणि ब्रेक लावताना जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो. केटरहॅमने ६६० सीसीच्या सुझुकी इंजिनाच्या छोट्या सेव्हनला फक्त १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले आहेत. हलक्या गाडीला रुंद टायर लावला की पकड वाढते हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे; पुरेसा भार नसेल तर रुंद टायर तापतच नाही आणि पावसात तो पाणी कापण्याऐवजी पाण्यावर तरंगू लागतो.

लहान रिमची खरी अडचण ब्रेकची असते. १३ इंची चाकाच्या आत कॅलिपर (ब्रेकचे पॅड आवळणारा भाग) बसेल का, हे कोणताही तक्ता सांगत नाही. वस्तादांनी जुने चाक काढले, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, टेकवून जाड पुठ्ठा धरला, कॅलिपरची बाहेरची कड पेन्सिलने त्यावर उतरवून घेतली आणि तो पुठ्ठा कापून नव्या रिमच्या आत फिरवून पाहिला. एका जागी जेमतेम चार मिलिमीटर मोकळीक राहत होती. तेवढी चालेल, पण चाकाचा तोल साधण्यासाठी आतल्या बाजूला चिकटवण्याचे वजन त्या पट्ट्यात येता कामा नये, अशी खूण त्यांनी रिमवर केली. ऑफसेटही, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतील अंतर, त्यांनी नीट सांभाळला. रिम अरुंद झाली तरी चाकाची मध्यरेषा जुन्याच जागी राहील असे माप निवडल्यामुळे बेअरिंगवर नवा ताण आला नाही आणि स्टीअरिंग हाताला झटके देत नाही. पीसीडी (बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिलिमीटर असलेली चार बोल्टची हलकी रिम मिळायला वेळ लागला, पण वेगळ्या छिद्रांची रिम बसवण्यासाठी मध्ये अडॅप्टर लावून काम भागवण्याचा सल्ला त्यांनी एकदाही दिला नाही.

टायरच्या निवडीला फारसा वाव नव्हता. जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले आहे, आणि वाळूजला गुडइयरचा कारखाना हाकेच्या अंतरावर असला तरी १३ इंचांत मऊ रबराचे, शर्यतीच्या धर्तीचे टायर येथील बाजारात मिळत नाहीत. साध्या प्रवासी गाडीसाठी बनलेला टायर घ्यावा लागला. एकाची किंमत साडेचार हजारांच्या आत होती. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे त्यांनी स्वतःहून दाखवले. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. हलक्या गाडीचा टायर झिजण्याआधी वयाने कडक होतो, म्हणून जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

परिणाम पहिल्याच फेरीत कळला. सिमेंटचे सांधे आता ऐकू येतात, अंगावर येत नाहीत. मागचे चाक खळग्यातही जमीन धरून राहते आणि थांबलेल्या गाडीचे स्टीअरिंग एका हाताने वळते. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर, खडूची आडवी रेघ ओढून थोडे अंतर गाडी चालवायची आणि रेघ कोठे पुसली गेली ते पाहायचे, अशा रीतीने थंड टायरमध्ये २० पौंड हवा ठरली. उणीव सांगायची तर उंच भिंतीमुळे स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळू लागते. पुढच्या टायरमध्ये दोन पौंड हवा वाढवल्यावर हे बरेच सुधारले, तरी १५ इंचीचा तो तत्काळ प्रतिसाद परत आलेला नाही. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांची गाडी फक्त गुळगुळीत ट्रॅकवर धावते त्यांना कदाचित नसेल.

दुकानाचे दोष आहेत. अलाइनमेंटच्या यंत्रात या गाडीची मापे नाहीत, म्हणून पुढच्या चाकांचा टो (ती समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) दोरी ताणून लावला गेला. काम अचूक झाले, पण त्यात अर्धा दिवस गेला. बॅलन्सिंगचे एक वजन रिम न पुसता चिकटवले होते, ते आठवड्यातच सुटून पडले. परत गेल्यावर त्यांनी चारही चाकांचे बॅलन्सिंग विनामूल्य पुन्हा करून दिले. तरीही रिम आधी स्पिरिटने पुसून घेण्याची सवय तेथील मुलांना लागायला हवी. नट मात्र एअर गनने न आवळता टॉर्कच्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळले गेले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावले, हे आवर्जून नोंदवतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आमची गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावत नाही, ती ट्रेलरवरून जाते. नोंदणीकृत गाडीत कंपनीच्या मूळ मापदंडांशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. तेव्हा रोजच्या गाडीसाठी याच दुकानात जायचे असेल, तर कंपनीने त्या मॉडेलला मंजूर केलेली मापे सोबत न्यावीत.

दुकानात लिफ्ट एकच आहे आणि दुपारनंतर मालवाहू टेम्पोंची रांग लागते. सकाळी दहाच्या आत, वजनकाट्याची चिठ्ठी घेऊन गेल्यास वस्ताद स्वतः गाडीला हात लावतात.