महायुद्धातल्या जीपचे सुटे भाग: कोणते विश्वासाने घ्यावेत, कोणते तपासल्याशिवाय घेऊ नयेत

विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक बनल्या. त्यामुळे आजही त्यांचे सुटे भाग भरपूर मिळतात, आणि घोळही तिथेच होतो. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए, सीजे-३ए आणि लष्करी एम-३८ या जीपचे भाग दिसायला इतके सारखे असतात की विक्रेते सर्रास ‘सगळ्या जुन्या जीपना चालतो’ असं लिहून मोकळे होतात. असं वर्णन असलेला गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा इंजिनच्या आतला भाग घेऊच नये.

भाग मागवताना गाडीचं मॉडेल सांगणं पुरेसं नसतं. लष्करी डेपोंमध्ये या गाड्या खोलून पुन्हा बांधल्या जायच्या. त्यामुळे फोर्डच्या चासीवर विलीजचं इंजिन ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. चासी ओळखायची तर पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग, बघा: एमबीचा गोल नळीचा, जीपीडब्ल्यूचा उलट्या यू आकाराच्या पट्टीचा. इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. फोर्डच्या मूळ भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, वळणदार ‘एफ’ असतो. पण ‘एफ’ उमटवलेले नवे बोल्टही आता विकले जातात, तेव्हा त्या एका खुणेवर जास्त पैसे मोजू नयेत.

इंजिनात सगळ्यात महाग पडणारी गफलत टायमिंगची. एमबी आणि जीपीडब्ल्यूच्या इंजिनात टायमिंग चेन आहे. सीजे-२एच्या उत्पादनात मध्येच चेन जाऊन गिअर आले आणि सीजे-३एला गिअरच आहेत. चेन असली की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअर असले की उलट. त्यामुळे कॅमशाफ्ट वेगळा, आणि कॅमशाफ्टवर चालणारा ऑइल पंपही वेगळा. पंप बाहेरून हुबेहूब दिसतो, फरक असतो तो त्याच्या गिअरच्या तिरप्या दात्यांच्या दिशेत. जुना पंप काढून नव्याशेजारी ठेवा आणि दाते कोणत्या बाजूला झुकले आहेत ते बघा. फोटोत हे दिसत नसेल तर विक्रेत्याकडून त्या बाजूचा फोटो मागवा. स्टार्टर घेतानाही असंच: एमबीच्या (इथून पुढे एमबी म्हटलं की जीपीडब्ल्यूही आलीच) फ्लायव्हील रिंगला ९७ दाते, नंतरच्या इंजिनांना १२४ किंवा त्याहून जास्त. बेंडिक्स, म्हणजे स्टार्टरचा रिंगमध्ये अडकणारा छोटा गिअर, जुळला नाही तर चार दिवसांत रिंगचे दाते खाऊन टाकतो.

गिअरबॉक्स एमबीत टी-८४, सीजे आणि एम-३८ मध्ये टी-९०. दोघांचे आतले गिअर एकमेकांत चालत नाहीत. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) मात्र सगळीकडे ‘स्पायसर १८’ म्हणून विकली जाते, आणि या नावावर विसंबलात तर फसाल. तिचा इंटरमीडिएट शाफ्ट तीन जाडींत आला: पाऊण इंच, एक इंच आणि वर एक अष्टमांश, आणि सव्वा इंच. म्हणजे १९, २८.६ आणि ३१.८ मिमी. एमबीत पाऊण इंची असतो. शाफ्टची जाडी बदलली की इंटरमीडिएट गिअर, रोलर बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशरही बदलतात. केसच्या मागच्या बाजूला शाफ्टचं टोक लॉक प्लेटपाशी दिसतं. तिथे व्हर्निअर लावून माप घ्या आणि ते लिहून विक्रेत्याला कळवा.

डिफरन्शियलचं प्रमाण, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) किती फेरे, एमबीत ४.८८ (३९ आणि ८ दाते), तर सीजे आणि एम-३८ मध्ये ५.३८ (४३ आणि ८ दाते). पुढे एक आणि मागे दुसरं असं बसलं, तर फोर-व्हील ड्राइव्ह टाकल्यावर पक्क्या रस्त्यावर टायर घासतात, लिव्हर अडकतो आणि ट्रान्सफर केसवर भयंकर ताण येतो. आपल्या एक्सलमध्ये काय आहे ते न खोलताही कळतं. चाकांना नीट उटी लावा, फोर-व्हील काढलेलं ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि एकच मागचं चाक उचला. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाचला थोडे कमी आले तर ४.८८, पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त गेलं तर ५.३८. पुढच्या एक्सललाही हीच पद्धत.

नंबरांचं म्हणाल तर ओतीव भागावर उठलेला नंबर हा बहुतेकदा साच्याचा असतो, भागाचा नव्हे. तो शोधात टाकून मागणी नोंदवू नका. अमेरिकी लष्कराच्या यादीत या जीपचा गट जी-५०३, एम-३८चा जी-७४०. फोर्डच्या नंबरात मधला आकडा विभाग सांगतो: २००० च्या घरात ब्रेक, ६००० इंजिन, ७००० गिअरबॉक्स, ८००० कूलिंग. खोक्यावर लष्कराचा ११ अंकी जुना स्टॉक नंबर असेल तर पहिल्या चार अंकांनंतर ‘००’ घाला, की १९७४ नंतरचा १३ अंकी नंबर तयार होतो. पहिले चार अंक फक्त वर्ग दाखवतात (२५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एक्सल, २९१० म्हणजे इंधन यंत्रणा) आणि कधीकधी बदलतातही. शोध घ्यायचा तो शेवटच्या नऊ अंकांवर.

आता कोणत्या प्रकारचा माल घ्यावा ते. गिअर, शाफ्ट, एक्सलचे भाग एनओएस, म्हणजे त्या काळी बनून न वापरता पडून राहिलेले, मिळाले तर डोळे झाकून पसंती त्यांनाच. जाड मेणकागदात गुंडाळलेला, वर तपकिरी गंजरोधक ग्रीस वाळून चामड्यासारखं कडक झालेला गिअर रॉकेलने धुतला की खाली दाते लखलखीत निघतात. त्या पोलादाची आणि कडक केलेल्या पृष्ठभागाची सर स्वस्त नव्या गिअरला नाही. पण रबर असलेला एनओएस भाग शोपीस म्हणूनच घ्यावा. ब्रेकचे कप, होज, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इतक्या वर्षांत मेलेले असतात, आणि जुन्या डायफ्रॅमला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसत नाही. जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट टाळाच. त्यात ॲस्बेस्टॉस असतो.

बेअरिंगसाठी ‘जीपचं’ म्हणून वेगळा भाव देण्याची काहीच गरज नाही. चाकाचं बेअरिंग कोन १८५९० आणि कप १८५२०, किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं) ११५९० आणि ११५२०. हे टिम्केन या बेअरिंग कंपनीचे नंबर कुठल्याही चांगल्या बेअरिंगवाल्याला सांगा, नवं आणि खात्रीचं मिळेल.

ब्रेकचे नवे बनवलेले भाग चांगले आहेत आणि तेच घ्यावेत. मात्र व्हील सिलिंडर पुढे एक इंची, मागे पाऊण इंची, मास्टर सिलिंडर एक इंची. चारही सारखे असलेला ‘पूर्ण संच’ आला तर परत पाठवा. मागची चाकं आधी लॉक होतील. पिस्टन बसवण्याआधी बोअर बोटाने चाचपा, आत मशिनिंगचा कीस राहिलेला असेल तर पहिल्याच दाबाला कप फाटतो.

कार्टर डब्ल्यूओ ५३९एस कार्बोरेटरच्या नव्या नकला आमच्या मते सगळ्यात कमकुवत माल. थ्रॉटल शाफ्ट हलवून बघा. नव्यातच डुगडुगत असेल तर तिथून हवा ओढणार आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. फ्लोटची पातळी तीन अष्टमांश इंच (९.५ मिमी), गॅस्केट काढून आणि झाकण उलटं धरून मोजायची. जुना मूळ कार्बोरेटर आणि सोबत चांगलं दुरुस्ती किट, हा सौदा जास्त शहाणपणाचा.

वायरिंगचे कापडी वेष्टनाचे नवे संच उत्तम येतात. बॅटरीची केबल मात्र बघून घ्या. या जीपच्या ६ व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून आजच्या गाडीची बारीक केबल लावली की स्टार्टर रडत फिरतो आणि दोष विनाकारण बॅटरीवर जातो.

चाकाचे स्टड आणि नट मागवताना डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे लागतात हे स्पष्ट लिहा. एकाच बाजूचे वीस आले, तर त्यातले दहा निरुपयोगी.

पार्सल आलं की भाग आधी जुन्याशेजारी ठेवून मापा, दाते मोजा, आटे हाताने फिरवून बघा. एकदा ग्रीस लागलं किंवा बसवल्याची खूण उमटली, की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. जुना भाग मोडीत टाकायचाच असेल, तर नवा बसवून गाडी नीट चालल्यावरच टाका.