क्षमेची वही: 'रीच फर्गिव्हनेस' वर्कबुक कसं आहे, कुठे अडतं

"क्षमा कर" हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण लहानपणापासून ऐकतो. ती कागद-पेन घेऊन कुठून सुरू करायची, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांचं 'रीच फर्गिव्हनेस' हे वर्कबुक तेवढंच एक काम करतं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. एक आवृत्ती सर्वांसाठी आहे, दुसरी ख्रिस्ती वाचकांसाठी. दुसरीत शास्त्रवचनं आणि प्रार्थना आहेत, पण पद्धत दोन्हींत तीच.

वर्दिंग्टन स्वतः ख्रिस्ती. क्षमेवर त्यांचं संशोधन चालू असतानाच, १९९६ उजाडता उजाडता, घरफोडीत त्यांच्या आईचा खून झाला. त्यामुळे या वहीत 'विसरून जा' असा स्वस्त सल्ला कुठेही नाही.

पाच पायऱ्या आहेत. इंग्रजी नावातल्या REACH या शब्दाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक पायरी: दुखापत आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून पाहणं, क्षमा भेट म्हणून देणं, त्याची लेखी नोंद करणं, आणि राग परत आला तरी क्षमा धरून ठेवणं. त्याआधी एक फरक नीट समजावून दिला आहे, आणि वहीतला सर्वांत मोलाचा भाग तोच. क्षमेचा निर्णय वेगळा आणि क्षमेची भावना वेगळी. 'मी उट्टं काढणार नाही, माणसासारखं वागेन' हा निर्णय एका संध्याकाळी होतो. छातीतली आग विझायला मात्र वेळ लागतो. आपल्याकडे बहुतेक जण 'तुम्ही क्षमा केली नाही तर देवही तुम्हाला करणार नाही' या मत्तय ६:१४-१५ च्या धाकाने निर्णय घेतात, तिथेच थांबतात, आणि आतली कटुता तशीच राहिली म्हणून पुन्हा स्वतःला दोषी धरतात.

पहिली पायरी घाईने उरकू नका. घटना लिहायची, पण निवाडा न देता. 'त्याने मला मुद्दाम सगळ्यांत खाली पाडलं' असं न लिहिता: 'कमिटीच्या बैठकीत दहा जणांसमोर त्याने सांगितलं की हिशेबातली चूक माझी आहे. मी काही बोललो नाही. पुढचे तीन रविवार उपासनेला गेलो नाही.' पहिल्या वाक्याशी भांडत बसावं लागतं. दुसऱ्यात काय गेलं ते दिसतं: नाव, विश्वास, तीन रविवार. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत शब्दच 'ऋण' आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. सोडायचं तर आधी किती होतं ते मांडायला हवं. वर्दिंग्टन न्यायाच्या दरीबद्दल बोलतात: जे व्हायला हवं होतं आणि जे झालं त्यातलं अंतर. समोरच्याने माफी मागितली, भरपाई दिली, की दरी अरुंद होते आणि क्षमा सोपी जाते. काहीच मिळालं नसेल तर दरी रुंद असते, तेव्हा वेळ लागणारच. इंग्रजी प्रश्न वाचून उत्तरं मराठीत लिहावीत. दुखणं ज्या भाषेत बोललं गेलं, त्याच भाषेत ते नीट उतरतं.

दुसऱ्या पायरीवर लोक सर्वांत जास्त अडखळतात. इथे रिकाम्या खुर्चीचा प्रयोग आहे. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या. एकीत बसून समोरच्याला मोठ्याने सगळं सांगायचं, मग उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या बाजूने उत्तर द्यायचं. दार बंद, मोबाइल बंद, घरात कोणी नसेल तेव्हा. खुर्ची खरंच बदला. एकाच जागी बसून दोन्ही आवाज काढले की दुसरा आवाजही आपलाच निघतो. हे जड जात असेल तर त्या माणसाने आपल्याला लिहिलेलं कल्पित पत्र लिहा. ते कुणालाही पाठवायचं नाही. बिघडतं ते इथेच: समजून घेता घेता आपण त्याची बाजू मांडू लागतो. 'त्याचंही बालपण वाईट होतं' हे कारण झालं, त्याने चूक पुसली जात नाही. वहीने हा इशारा अधिक ठळक द्यायला हवा होता.

तिसऱ्या पायरीत, आपल्याला कुणी क्षमा केली होती तो प्रसंग आठवायचा आणि तेव्हाचं हलकं वाटणं लिहायचं. ख्रिस्ती आवृत्तीत वधस्तंभाशी जोडलेला हा भाग सुंदर आहे. मात्र मुळात अपराधी भावनेने पिचलेल्या माणसाला तो उलटा लागू शकतो: 'मीच पापी, मला रागावायचा हक्क काय?' तसं वाटू लागलं तर ही पायरी एकट्याने करू नका. पाळकांबरोबर, फादरांबरोबर किंवा समुपदेशकाबरोबर बसा.

नोंदीची पायरी छोटी: तारीख घालून, सही करून एक ओळ. तिचं महत्त्व पाचव्या पायरीत कळतं. तो माणूस लग्नात समोर येतो, पोटात गोळा येतो, आणि वाटतं सगळं फुकट गेलं. तसं नसतं. तव्याने एकदा हात भाजला की पुढेही तव्याजवळ हात आखडतो. ते शरीराचं सावधपण आहे, तवा माफ न केल्याची खूण नाही. अशा वेळी ती तारखेची ओळ काढून वाचायची.

परिणाम किती? कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ जणांवर या वर्कबुकची चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना वही लगेच दिली, काहींना दोन आठवडे थांबवून. लगेच मिळालेल्यांमध्ये मनातली अढी कमी झालीच, शिवाय नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही कमी झाली. जेमतेम तीनेक तासांच्या, मोफत साधनासाठी हे फार मोठं आहे. तरी तीन तास एका बैठकीत करू नका. पहिल्या दोन पायऱ्या एका दिवशी, मग एक रात्र मध्ये जाऊ द्या. सुरुवातही सर्वांत मोठ्या जखमेने नको, मधली निवडा.

मोठ्या जखमांना ही वही पुरत नाही. क्षमेवर काम करणारे दुसरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीवरचा १९९६ चा अभ्यास पाहा: बालपणी घरातच लैंगिक अत्याचार सोसलेल्या १२ स्त्रिया, प्रत्येकीबरोबर स्वतंत्र बैठका, सरासरी सुमारे १४ महिने. अशा स्त्रीच्या हाती तीन तासांची वही देऊन 'भर आणि मोकळी हो' म्हणणं क्रूरपणा आहे.

माझी मुख्य तक्रार समेटाबद्दल. क्षमा एकट्याने होते, समेटाला दोघं लागतात. वही हे सांगते, पण मंडळीत ती वाटणाऱ्याने हे पहिल्याच बैठकीत, मोठ्याने सांगायला हवं. मत्तय ५:२४ मधलं 'आपल्या भावाबरोबर समेट कर' हे वचन मारहाण सोसणाऱ्या बाईला घरी परत पाठवण्यासाठी वापरलं जातं. तिथे वचन ज्याला सांगितलं आहे तो अपराध करणारा आहे, हे विसरलं जातं. क्षमेने कायदाही थांबत नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांनी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी पती आणि दोन मुलगे जाळले गेल्यावर मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली. खटला चालला, शिक्षाही झाली. त्रास अजून चालू असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

गटात वापरायची असेल तर सहा ते आठ जण पुरे. कुणी काय लिहिलं ते वाचून दाखवण्याची सक्ती नको, आणि सहीच्या ओळीसाठी घाई तर मुळीच नको. पाळकांच्या नजरेखाली केलेली सही घरी गेल्यावर टिकत नाही. पानं एकाच बाजूला छापून घ्या. मागची कोरी बाजू पहिल्या पायरीला लागतेच.