मिर्टाझापिन सात महिने, सर्ट्रालिन सात महिने : औषध, भूक आणि वजन यांचा हिशेब

वय ४६ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर, नोकरी साताऱ्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. एवढी ओळख पुरे आहे. नैराश्यावरची औषधे मी ऑगस्ट २०२४ पासून घेत आहे. पहिले सात महिने मिर्टाझापिन घेतले आणि त्यानंतर आजपर्यंत सर्ट्रालिन घेत आहे. या औषधांनी वजन वाढते का, हा प्रश्न मला ओळखीतल्या तिघी-चौघींनी दबक्या आवाजात विचारला आणि प्रत्येक वेळी मी अर्धवट उत्तर दिले, म्हणून पूर्ण उत्तर एकदा लिहून ठेवते. हा एका बाईचा अनुभव आहे. तो वाचून कोणी गोळी सुरू करू नये, बंदही करू नये.

आजारपण येण्यापूर्वी माझे वजन ५८ किलो होते. पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले त्या दिवशी काटा ४९ वर होता. चार महिन्यांत नऊ किलो उतरले होते आणि ऑफिसातल्या बायका 'काय डाएट केलंस गं' म्हणून कौतुक करत होत्या. प्रत्यक्षात पहाटे तीनला जाग यायची, मग सकाळपर्यंत डोळा लागायचा नाही, आणि पोळीचा घास तोंडात फिरत राहायचा. पुस्तकांच्या नोंदी करताना एकच ओळ चार वेळा वाचावी लागायची. डॉक्टरबाईंनी आधी थायरॉइडची तपासणी करून घेतली, कारण थायरॉइड मंदावले तरी माणूस उदास होतो आणि तेव्हा वजन वाढते. त्या तपासणीतला टीएसएचचा आकडा माझा व्यवस्थित निघाला. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्या असल्यामुळे त्यांनी मिर्टाझापिन निवडले. पहिला आठवडा साडेसात मिलिग्रॅम आणि पुढे १५ मिलिग्रॅम, रात्री झोपण्यापूर्वी. भूक वाढेल हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. मला ते त्या वेळी वरदान वाटले, आणि खरे सांगायचे तर काही काळ ते वरदानच होते.

झोप दुसऱ्याच रात्री आली. मन हलके व्हायला मात्र चार-पाच आठवडे लागले. ही औषधे आठवडाभरात मूड बदलत नाहीत, हे ठाऊक नसलेला माणूस तेवढ्यात धीर सोडतो. नोव्हेंबरपर्यंत माझे वजन ५६ झाले आणि मी पुन्हा संध्याकाळच्या चहाची वाट पाहू लागले. सासूबाई म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुझी." आपल्याकडे हे वाक्य बरे झालेल्यालाही म्हणतात आणि जाड झालेल्यालाही. पुढचे चार महिने मला ते दोन्ही अर्थांनी ऐकावे लागले.

मिर्टाझापिन मेंदूतील हिस्टामिनची एक वाट अडवते. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ती याच कारणाने, आणि याच वाटेने भूकही खवळते. वाचायला हे सोपे आहे. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा न लावता उभे राहून गुळाच्या डब्यात चमचा घालताना ते सोपे राहत नाही. ती भूक पोटातली नसते. दोन पोळ्या, भात, आमटी असे नीट जेवून उठल्यावर तासाभरात हात आपोआप डब्याकडे जातो आणि त्याला गोडच लागते. दिवाळीत घरी कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा खोका आला होता, त्यातले निम्मे पेढे मी दोन रात्रींत संपवले आणि तिसऱ्या दिवशी मुलाने विचारले तेव्हा पाहुण्यांचे नाव सांगितले. वयाच्या पंचेचाळिशीत पेढ्यांवरून खोटे बोलावे लागणे हा दुष्परिणाम कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो.

वजन आधी कळले ते काट्यावर नव्हे, टेलरकाकांच्या दुकानात. ब्लाउजच्या शिवणीत आत जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. डिसेंबरात त्यांनी एक शिवण उसवून माया सोडली, जानेवारीच्या शेवटी दुसरी सोडली, आणि त्यानंतर ब्लाउज उलटा करून मला दाखवत ते म्हणाले, "ताई, आता यात माया उरली नाही." त्या महिन्यात मी ६३ किलोची होते.

जानेवारीत मी जे केले, ते मुख्यतः सांगायचे आहे. डॉक्टरबाईंची पुढची तारीख तीन आठवडे लांब होती. 'वजनासाठी तक्रार करायची म्हणजे किती उथळ दिसेल, माणसे मरायला टेकलेली असतात आणि आपण ब्लाउजबद्दल बोलायचे' असा विचार करून मी फोन केला नाही. त्याऐवजी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री झोप गेली. मळमळ, अंगात कसलीशी घाई आणि कारण नसताना येणारे रडू, हे आठवडाभर चालले. बाराव्या दिवशी वाचनालयातल्या मुलाने पुस्तक उशिरा परत केले म्हणून मी त्याच्यावर अशी ओरडले की दोन टेबलांपलीकडचे प्राध्यापक उठून आले. घरी जाऊबाईंनी कपाटातली न फोडलेली पट्टी पाहिली आणि काही न बोलता ती माझ्यासमोर ठेवली. डॉक्टरबाई गावाला गेल्या होत्या, म्हणून त्या रात्री १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावला. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. पलीकडच्या बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले आणि डोस स्वतःच्या मनाने न ठरवता शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना भेटा, असे सांगितले. त्या बारा दिवसांत वजन पाव किलोनेही उतरले नव्हते. गोळी पुन्हा सुरू झाल्यावरही पूर्वीची स्थिरता परत यायला मात्र महिना गेला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला काट्यावर उभे केले, कमरेचा घेर मोजला, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगितले. घेर ८७ सेंटिमीटर भरला. भारतीय बायकांसाठी धोक्याची रेषा ८० ला धरतात. एचबीए१सी ५.९ आले. ५.७ पासून मधुमेहपूर्व टप्पा सुरू होतो, आणि माझ्या आईला मधुमेह होता. म्हणजे ज्या तक्रारीची मला लाज वाटत होती, ती रक्ताच्या रिपोर्टवर छापून आली. 'वजन हा तुमच्या उपचाराचाच भाग आहे, झोपेइतकाच,' असे त्या म्हणाल्या, आणि पहिल्या भेटीत वजन लिहून घेतले तसे दर भेटीत घ्यायला हवे होते, ते आपल्याकडून राहिले, हेही त्यांनी मान्य केले. डॉक्टर असे मान्य करतात तेव्हा निम्मा विश्वास तिथल्या तिथे परत येतो.

मी विचारायला आले होते ते बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाबद्दल, कारण त्याने वजन वाढत नाही, उलट थोडे उतरते, असे वाचले होते. त्यांनी लगेच विचारले, कधी फिट आली होती का? लहानपणी दोनदा आली होती. बुप्रोपिऑनने फिट येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तो दरवाजा तिथेच बंद झाला. आपल्यासाठी गोळी निवडताना डॉक्टर आपल्या इतिहासात काय शोधत असतात, हे शेजारणीच्या प्रिस्क्रिप्शनवरून कधीच कळत नाही. पॅरोक्सेटिन आणि जुन्या पिढीतली ॲमिट्रिप्टिलिन ही वजन वाढवणाऱ्यांतलीच म्हणून गेली. उरली सर्ट्रालिन.

२०२४ च्या जुलैमध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेतील १ लाख ८३ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून आठ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांचे वजन सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४१० ग्रॅमच्या आसपास जास्त वाढले होते आणि बुप्रोपिऑन घेणाऱ्यांचे सुमारे २२० ग्रॅम कमी. मिर्टाझापिन त्या आठांत नव्हते. हे आकडे वाचून मला आधी हसू आले, कारण माझे चार महिन्यांत साडेनऊ किलो वाढले होते. पण ज्या मैत्रिणी केवळ वजनाच्या भीतीने पहिली गोळीसुद्धा घेत नाहीत, त्यांनी हे ग्रॅम जरूर पाहावेत. भीती किलोंत मोजली जाते आणि औषधांमधला सरासरी फरक ग्रॅमांत निघतो. सरासरीच्या बाहेर पडणारी माझ्यासारखी माणसे असतात, म्हणून तर काटा हवा.

बदल मार्च २०२५ मध्ये झाला, तेव्हा वजन साडेपासष्ट होते. मिर्टाझापिन दोन आठवडे निम्मे करून मग बंद केले आणि त्याच वेळी सर्ट्रालिन २५ वरून ५० मिलिग्रॅमवर नेले. पहिले दहा दिवस वाईट गेले. सकाळी नाश्त्यानंतर गोळी घेतली तरी मळमळायचे आणि पोट बिघडायचे, इतके की मी कॉलेजला जाताना डब्यात फक्त दहीभात नेत असे. ते आपोआप थांबले. झोप पूर्वीइतकी गाढ नाही, ही सर्ट्रालिनबद्दलची माझी खरी तक्रार आहे. नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा मंदावते, हेही यात घडते आणि बायका ते डॉक्टरांना सांगत नाहीत; मी दुसऱ्या भेटीत सांगितले, त्यावर विचार सुरू आहे.

रात्रीची ती आंधळी भूक मात्र तीन आठवड्यांत गेली. एके दिवशी गुळाचा डबा पुसताना लक्षात आले की तो बरेच दिवस उघडलाच नाही. वजन आपोआप उतरेल ही अपेक्षा मात्र चुकीची ठरली. औषध बदलल्याने चढण थांबली, उतरण माझी मला चालावी लागली. रात्रीचे जेवण साडेसातला आणले, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, आणि आठवड्यातून पाच दिवस सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवरच्या ठिकाणापर्यंत चढून परत येणे. पावसाळ्यात तो रस्ता निसरडा होतो, तेव्हा दोन महिने वाहनतळात येरझाऱ्या घातल्या. सात महिन्यांत साडेतीन किलो उतरले. आज ६२ आहे, एचबीए१सी ५.७. उत्साहाने सांगावे असा हा आकडा नाही, आणि ५८ ला परत जाईन असे मला वाटतही नाही.

कोणी विचारले की मिर्टाझापिन घेतल्याचा पश्चात्ताप होतो का, तर पहिल्या तीन महिन्यांसाठी अजिबात नाही. ते सात किलो आजाराने माझ्याकडून नेले होते आणि औषधाने परत आणून दिले. पुढच्या साडेनऊ किलोंचा हिशेब वेगळा. ५६ वर आले त्याच भेटीत 'आता भूक जास्त होते आहे' असे मी म्हणाले असते, तर औषध बहुधा डिसेंबरातच बदलले असते. आता फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे, त्यावर दर रविवारी सकाळी वजन, झोपेचे तास आणि 'मन' अशा तीन रकान्यांत नोंद होते. मनाच्या रकान्यात मुलाने मध्यंतरी 'आई आज गात होती' असे लिहिले, ते मी खोडले नाही. पुढची भेट डिसेंबरात आहे; डोस कमी करायचा की आणखी काही महिने तोच ठेवायचा, ते हा कागद पुढ्यात ठेवून ठरणार आहे.