वैद्यकीय सेवेतील भेदभाव मोजणारी प्रश्नावली : एक परीक्षण

समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९७ मध्ये मांडलेल्या दैनंदिन भेदभावाच्या मापनश्रेणीवर बेतलेल्या या प्रश्नावलीत सातच प्रश्न आहेत. ‘भेदभाव झाला का’ असे थेट न विचारता, आदर कमी मिळाला का, डॉक्टरांनी म्हणणे ऐकून घेतले नाही असे वाटले का, असे साधे अनुभव ती विचारते, आणि हेच तिचे मोठे बळ आहे. मात्र ती वारंवारिता, म्हणजे असे अनुभव किती वेळा आले, एवढेच मोजून थांबते; एकदाच झालेल्या अपमानाने रुग्ण उपचारच सोडून देऊ शकतो, हे तिच्या गुणांकात उमटत नाही. साथरोगतज्ज्ञ नॅन्सी क्रीगर यांची भेदभावाच्या अनुभवांविषयीची प्रश्नावली मात्र अन्याय मुकाट्याने स्वीकारला की काही केले, कोणाशी बोललात की मनातच ठेवले, हेही विचारते. अभ्यासकांनी या दोन्ही एकत्र वापराव्यात, असे मला मनापासून वाटते.