पीएनआर दिसला म्हणजे तिकीट निघाले असे नाही

बालीला जायचे आम्ही अकरा जणींनी ठरवले ते बडोद्याच्या कमाटीबागेत, सकाळचा योगवर्ग संपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता. उबुदला १ ते ७ एप्रिल २०२५ असे ध्यान आणि योगाचे शिबिर होते. शिबिराची आगाऊ रक्कम आम्ही तिथल्या केंद्राला थेट पाठवली, ती सुरक्षित राहिली. बुडाले ते प्रवासाचे पैसे. माणशी ५२,००० रुपये, सगळ्यांचे मिळून ५,७२,०००. एजंट मी शोधला होता, बाकीच्यांनी माझ्या शब्दावर पैसे दिले, म्हणून हे लिहायलाही मीच बसले आहे.

तो मुलगा रावपुऱ्यात एका जिन्यावरच्या खोलीत बसायचा. पहिल्याच भेटीत मला "काकू" म्हणाला, चहा मागवला, लहानपणी दांडिया बाजारातल्या गणपतीपुढे लेझीम खेळायचो म्हणाला. बडोद्यात आपला दिवसभराचा व्यवहार गुजरातीत चालतो. अशात कोणी घरच्यासारखे मराठी बोलले की आपण चौकशीच करत नाही. मीही केली नाही. आधी त्याच्याकडून कोण जाऊन आले आहे, एवढेसुद्धा विचारले नाही.

"काकू, तुम्ही दहाच्या वर आहात, ग्रुप फेअर मिळेल. फक्त आजच्या आज भरावे लागतील." ग्रुप फेअर ही खरीच गोष्ट आहे, विमान कंपन्या साधारण १० प्रवाशांपासून पुढे देतात. त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. विमान, तिथली गाडी आणि शिबिरानंतर दोन रात्रींचे हॉटेल असे सगळे त्या ५२,००० मध्ये होते. मग म्हणाला, दुकानाच्या खात्यावर टाकलेत तर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच घेतला जाणारा कर, कापावा लागेल, त्यापेक्षा माझ्या मिसेसच्या खात्यावर यूपीआयने टाका.

इथे जरा थांबते, कारण आमच्या वयाच्या बायका इथेच फसतात. परदेशाच्या पॅकेजवर तेव्हा ७ लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस होता, म्हणजे आमचे माणशी २,६०० रुपये. ती रक्कम बुडत नाही. ती आपल्या पॅनवर जमा होते, करखात्याकडच्या आपल्या उताऱ्यात (तेव्हाचा फॉर्म २६एएस) दिसते आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मागता येते. मुख्य म्हणजे टीसीएस कापणाऱ्याला स्वतःची नोंदणी असावी लागते, व्यवहार कागदावर येतो. त्याला नेमके तेच नको होते. आम्हाला मात्र वाटले, पोरगा आपले पैसे वाचवतोय.

१२ जानेवारीला पैसे गेले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, विमान कंपनीच्या साइटवर पीएनआरची सहा अक्षरे आणि आडनाव टाकले. अकराही नावे एकाखाली एक दिसली. अहमदाबाद ते सिंगापूर, सिंगापूर ते देनपसार (बालीचे विमानतळ), ३१ मार्चला निघून १ एप्रिलला पोहोच, आणि पुढे "कन्फर्म्ड". मी स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. "तिकिटं आली गं!" लगेच सगळ्यांचे अंगठे आले.

तिकिटे आली नव्हतीच. एजंटला पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवता येतात. तेवढ्यासाठीही पीएनआर तयार होतो, खऱ्या साइटवर खरी नावे दिसतात. मुदतीत पैसे भरले नाहीत की बुकिंग आपोआप गळते. तिकीट निघाले की प्रत्येक प्रवाशाचा वेगळा १३ आकडी नंबर येतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. आमच्या पीडीएफमध्ये "टिकिट नंबर"च्या रकान्यात तीच पीएनआरची सहा अक्षरे पुन्हा छापली होती, अकराही जणींपुढे तीच. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. नंतर दोन महिन्यांत मी ती साइट एकदाही उघडली नाही. आठ दिवसांनी उघडली असती तरी कळले असते.

१८ मार्चला एजंटचा निरोप आला. विमानाची वेळ बदलली, आता २८ च्या रात्री निघायचे, २९ ला सकाळी पोहोचायचे. सोबत नवी पीडीएफ. आमच्यात कुरकुर झाली, कारण ३० ला पाडवा. कारेलीबागेतल्या वहिनी तर म्हणाल्या, घरची गुढी सोडून मी येत नाही. मी उबुदच्या केंद्राला लिहिले की आम्ही २९ लाच येतो, गाडी पाठवा. तासाभरात तिथल्या बाईंचे उत्तर आले: २९ मार्चला न्येपी आहे, विमानतळ बंद असतो, तुम्ही येणार कशा?

न्येपी म्हणजे बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्या दिवशी तिथे कोणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाहीत, विमानतळ २४ तास बंद राहतो. त्यांचे शक १९४७ त्या दिवशी सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पाडव्याला आपलेही शालिवाहन शक १९४७. इतक्या जवळची गोष्ट मला ठाऊक नव्हती. एजंटला तर त्याच्याशी देणेघेणेच नव्हते, वेळ काढायला म्हणून कुठलीतरी तारीख टाकली होती.

हात कापत होते. जुना पीएनआर टाकला, बुकिंग सापडले नाही. नवा टाकला, तेच. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितले, जानेवारीतले बुकिंग पैसे न आल्याने चार दिवसांत रद्द झाले, आणि दुसऱ्या नंबरचे बुकिंगच नाही.

संध्याकाळी आम्ही चौघी रावपुऱ्यात गेलो तर खोलीला कुलूप. त्याचा फोन दोन दिवस चालू होता, "काकू, माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणत होता, ९०,००० रुपये तीन हप्त्यांत परतही केले, मग बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तो क्रमांक पैसे जाताच तासा-दोन तासांत लावला तर खाते गोठवायला उपयोगी पडतो; आमचे पैसे जानेवारीतच पुढे गेले होते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली अर्ज दिला आहे. सोबत यूपीआयच्या पावत्या, दोन्ही पीडीएफ, सगळे चॅट. ते चॅट तिघींनी रागाने पुसून टाकले होते, ते माझ्या फोनवरून काढावे लागले. कुणी या फेऱ्यात अडकले असेल तर आधी ते जपून ठेवा.

आलेले ९०,००० आम्ही अकरा जणींत सारखे वाटले नाहीत. आमच्यातल्या एकीने डबे करून ही रक्कम साठवली होती, तिचे ५२,००० आधी पूर्ण दिले. त्याला कोणी हरकत घेतली नाही. उबुदच्या केंद्राने आमची आगाऊ रक्कम पुढच्या शिबिरासाठी धरून ठेवली आहे. सहा जणी जाणार म्हणतात. यावेळी प्रत्येकीने आपापल्या क्रेडिट कार्डावर, कंपनीच्याच साइटवरून तिकीट काढायचे असे ठरले आहे. परवा पहिलीचे निघाले. तिने ग्रुपवर फोटो टाकला नाही, मला फोन केला आणि ६१८ पासून सगळे तेरा आकडे वाचून दाखवले. मी ते वहीत उतरवून घेतले.