व्हॅलोरंटचा हात सीएसमध्ये कसा न्यायचा? सेन्सिटिव्हिटी जुळवण्याच्या पद्धती, शेजारी शेजारी

दिवाळीत मावसभाऊ लातूरहून नांदेडला आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "दादा, व्हॅलोरंटमधी हात बसलाय माझा. सीएसमधी मात्र क्रॉसहेअर डोक्यापर्यंत पोचंनाच. काहून?" दोन्ही नेमबाजीचे गेम, आणि क्रॉसहेअर म्हणजे स्क्रीनच्या मधोमध असलेली नेमाची खूण. व्हॅलोरंटमधला सेन्सिटिव्हिटीचा (माऊस सरकवला की नजर किती वळते त्याचा) ०.४ हा आकडा त्यानं काउंटर-स्ट्राइक २, म्हणजे सीएसमध्ये जसाच्या तसा टाकला होता. ८०० डीपीआयवर व्हॅलोरंटच्या ०.४ ला पूर्ण गिरकी घ्यायची तर माऊस सुमारे ४१ सेंटीमीटर सरकवावा लागतो. सीएसमध्ये त्याच ०.४ ला १३० सेंटीमीटर लागतात. त्याच्या खोलीतलं टेबल दोन फुटांचं, म्हणजे जेमतेम ६० सेंटीमीटरचं, आणि त्यातलं अर्धं नीटच्या पुस्तकांनी अडवलेलं.

आकडा एकच असला तरी प्रत्येक गेमचं माप वेगळं असतं. माऊस संगणकाला फक्त किती काउंट सरकलो एवढंच कळवतो. ८०० डीपीआय म्हणजे इंचाला ८०० काउंट. एका काउंटला नजर किती अंश वळवायची हे गेम ठरवतो. सेन्सिटिव्हिटी १ असेल तर सीएस ०.०२२ अंश वळवतं, व्हॅलोरंट ०.०७ आणि ओव्हरवॉच ०.००६६. ०.०२२ हा आकडा १९९६ च्या क्वेकपासून चालत आलाय. सीएस त्याच घराण्यातलं, आणि एपेक्स लेजंड्स सोर्स इंजिनच्या सुधारित आवृत्तीवर चालतं, म्हणून तिथंही तोच. या दोन गेममध्ये सेन्स, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा आकडा, सरळ उचलून टाकता येतो. कॉल ऑफ ड्यूटीचं माप ओव्हरवॉचसारखं आहे.

मग जुळवायचं कसं? मित्रांच्या गप्पांत तीन-चार पद्धती ऐकू येतात आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. मी चारही वापरून पाहिल्यात.

ईडीपीआय सगळ्यात सोपा. डीपीआय गुणिले सेन्स. ४०० वर २ आणि ८०० वर १, दोन्ही ८००. एकाच गेममधल्या दोन खेळाडूंची तुलना करायला हा उपयोगी आहे. दुसऱ्या गेममध्ये न्यायला अजिबात नाही, कारण अंशाचं माप त्यात कुठंच येत नाही. मावसभावाचा ईडीपीआय दोन्ही गेममध्ये ३२० च होता.

दुसरी पद्धत ३६० अंतराची. पूर्ण गिरकीला लागणारं माऊसचं अंतर सगळ्या गेममध्ये सारखं ठेवायचं. हिशोब एवढाच: ३६० ला डीपीआय, सेन्स आणि गेमचं माप या तिघांच्या गुणाकारानं भागा. उत्तर इंचात येतं, २.५४ नं गुणलं की सेंटीमीटर. मावसभावाच्या ०.४ साठी सीएस आणि एपेक्समध्ये १.२७, ओव्हरवॉच आणि कॉल ऑफ ड्यूटीमध्ये ४.२४ येतं. फक्त व्हॅलोरंट आणि सीएसचाच प्रश्न असेल तर ३.१८ लक्षात ठेवा: सीएसकडून व्हॅलोरंटकडे येताना भागायचं, उलट जाताना गुणायचं.

तरी कागदावरच्या हिशोबावर मी थांबत नाही, फूटपट्टीनं मोजतो. सरावाच्या मैदानात खांबाच्या किंवा दाराच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर ठेवायचा. पट्टी पॅडच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं पक्की करायची, माऊसची डावी बाजू शून्यावर. मग न उचलता हळूहळू उजवीकडं ओढायचं, तीच कड पुन्हा क्रॉसहेअरखाली येईपर्यंत. पॅड पुरत नसेल तर अर्ध्या गिरकीवर थांबून दुप्पट करा. तीनदा मोजा. हे करायचं कारण असं, की डब्यावर ८०० लिहिलेले दोन माऊस प्रत्यक्षात अगदी सारखे नसतात, काही टक्के इकडंतिकडं असतात. माऊस बदलला आणि 'हात गेला' असं वाटलं, तर आधी पट्टी काढा. पबजीसारख्या गेममध्ये तर हाच रस्ता सोपा, कारण तिथल्या स्लायडरचा आकडा असा सरळ गुणाकारात बसत नाही आणि प्रत्येक स्कोपचा (बंदुकीवरच्या दुर्बिणीचा) स्लायडर वेगळा असतो.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे मागं वळणं. पाठीमागून पावलं ऐकू आली की हात त्याच अंतरावर थांबतो, गेम कुठलाही असो. पण एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं जग दिसतं ते, वेगळं असेल तर ही पद्धत डोळ्याला फसवते. १६:९ च्या स्क्रीनवर सीएस आडवं सुमारे १०६ अंश दाखवतं आणि व्हॅलोरंट १०३. फरक किरकोळ आहे. व्हॅलोरंटमध्ये मधलं चित्र साधारण ६ टक्के जोरात सरकतं आणि तेवढं कुणाच्या हाताला जाणवत नाही. एपेक्स मात्र ७० एफओव्हीवर खेळलात, तर ३६० अंतर तंतोतंत सारखं असूनही क्रॉसहेअरजवळचं चित्र सीएसपेक्षा जवळजवळ ४३ टक्के जोरात पळतं. पोरं इथंच म्हणतात की कॅल्क्युलेटर चुकलाय. कॅल्क्युलेटर बरोबर असतो. एपेक्समध्ये एफओव्ही ९० करा, तो सीएसच्या १०६ इतकाच पडतो आणि निम्मी भांडणं मिटतात. माझं ठाम मत आहे की सेन्सला हात लावायच्या आधी शक्य तिथं एफओव्ही जुळवून घ्यावा.

तिसरी पद्धत मॉनिटर डिस्टन्सची. ही समजायला थोडी अवघड आहे, पण स्कोप वापरणाऱ्यानं ती समजून घ्यायलाच हवी. स्क्रीन सपाट आहे आणि गेमचं जग गोल कोनांत मोजलेलं, त्यामुळं कडेचं चित्र ताणलं जातं. दोन वेगळ्या एफओव्हीमध्ये हात एका वेळी स्क्रीनवरच्या एकाच अंतरावर जुळवता येतो. क्रॉसहेअरच्या अगदी लगत जुळवलं तर ० टक्के, कडेवर जुळवलं तर १०० टक्के. सगळीकडं एकदम जुळवून देणारा आकडा अस्तित्वातच नाही. हे एकदा पटलं की रात्र रात्र सेटिंग बदलत बसणं थांबतं.

उदाहरण सीएसमधल्या एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचं. जुन्या ४:३ स्क्रीनच्या मापात साध्या नजरेचा एफओव्ही ९० (१६:९ वर तोच १०६ पडतो), पहिल्या झूममध्ये ४०. झूम सेन्सिटिव्हिटी १ वर असेल तर सीएस सरळ ४० भागिले ९० करतं, म्हणजे ०.४४, आणि ४:३ चित्राच्या कडेला हात जुळतो. तीच ०.८२ केली तर गुणोत्तर ०.३६ येतं आणि क्रॉसहेअरलगत जुळतं. दाराच्या फटीवर दबा धरून बसणाऱ्याला ०.८२ चांगलं, कारण त्याला बारीकच सरकायचं असतं. स्कोप लावूनच लांबवर झटका मारण्याची सवय असलेल्यानं १ वर राहावं. ओव्हरवॉचमधल्या विडोमेकर या स्नायपरसाठी झूम सेन्सिटिव्हिटीच्या सेटिंगमध्ये हाच ० टक्क्यांचा आकडा ३८ च्या आसपास येतो. कॉल ऑफ ड्यूटीत एडीएस (बंदूक डोळ्याला लावून नेम धरतानाची) सेन्सिटिव्हिटी 'रिलेटिव्ह' ठेवली की कोएफिशंटची सेटिंग लागू होते. ती मुळात १.३३ वर असते, म्हणजे पुन्हा ४:३ ची कड. ० केलं की क्रॉसहेअरलगत.

चौथी पद्धत, प्रत्येक गेममध्ये हाताला रुचेल तसं. तिला मी कमी लेखत नाही. ओव्हरवॉचमध्ये उड्या मारणारा शत्रू डोक्यावरून जातो, तिथं थोडा जास्त वेग लागतो. व्हॅलोरंटमध्ये क्रॉसहेअर आधीच कोपऱ्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवायचा असतो आणि हात फार हलतच नाही. एकाच गेममध्ये महिनोन्महिने रमणाऱ्याला हीच पद्धत पुरते. रोज दोन-तीन गेम फिरणाऱ्याचं मात्र नुकसान होतं, प्रत्येक वेळी पहिले काही सामने हात शोधण्यात जातात.

कुठलीही पद्धत धरा, विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' आधी बंद करा आणि गेममध्ये रॉ इनपुटची (माऊसची हालचाल विंडोजला वगळून थेट घेण्याची) सोय असेल तर चालू करा. ते राहून गेलं तर माऊस जोरात ओढल्यावर जास्त वळतो, हळू ओढल्यावर कमी, आणि सगळे हिशोब वाया जातात. मी संभाजीनगरच्या एका कॅफेत स्पर्धेला गेलो होतो. तिथला माऊस १६०० डीपीआयवर होता आणि हे एन्हान्सही चालू. सामना सुरू झाल्यावर कळलं. पहिला नकाशा, म्हणजे सामन्याचा पहिला डाव, आम्ही तिथंच घालवला आणि ते अजून मनाला लागतं.

आता निवड. व्हॅलोरंट आणि सीएस असे दोनच गेम खेळत असाल तर ३६० अंतर, डोळे झाकून. एपेक्स किंवा कॉल ऑफ ड्यूटी जोडीला असेल तर आधी एफओव्ही जवळ आणा, मग हिपफायरला (स्कोप न लावता गोळी झाडायला) ३६० आणि स्कोपला ० टक्के. एफओव्ही बदलता येत नसेल आणि शत्रूवर क्रॉसहेअर धरून ठेवण्याचंच काम जास्त असेल, तर हिपफायरलाही ० टक्के लावून बघा. गिरकीचं अंतर बदलेल, ते आठवडाभरात अंगवळणी पडतं.

टेबल लहान असेल तर निवड आणखी आवळते. ४१ सेंटीमीटरला अर्ध्या गिरकीसाठी साडेवीस लागतात. साधा पूर्ण कीबोर्ड ४४ सेंटीमीटर खातो, ६० मधून उरले १६. मावसभावाला मी हेच पट्टी लावून दाखवलं. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घेतला की सुमारे २४ मोकळे होतात. तो येईपर्यंत कीबोर्ड तिरपा ठेवायचा आणि पुस्तकं पलंगावर. लातूरला परत गेल्यावर त्यानं सीएसमध्ये १.२७ टाकलं, एडब्ल्यूपीला ०.८२, आणि दोन्ही आकडे मॉनिटरच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलेत.